मेलेल्या रावसाहेबांचा चहा

माझ्या पहिल्या रहस्यकथेत ज्या रावसाहेबांचा खून होतो, तेच रावसाहेब पाचव्या प्रकरणात खुर्चीत बसून चहा पितात. नुसते पीत नाहीत. "साखर कमी आहे," असंही म्हणतात.

यात छापखान्याची काही चूक नव्हती. प्रकरण मी स्वतः लिहिलं, सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि सायकलवरून स्वतः नेऊन दिलं. पहिल्याच प्रकरणात पाठीत सुरा खुपसून मी रावसाहेबांना मारलं होतं, हे साफ विसरलो होतो. गुप्तहेराला बोलायला कोणीतरी हवं होतं, दिवाणखान्यात खुर्ची रिकामी होती, मी रावसाहेबांना बसवलं. संपादकांनी ते वाचलं नाही, कारण आपल्या साप्ताहिकात कापसाच्या भावाखेरीज ते काही वाचत नसत. त्यामुळे एका बुधवारी आमचे मयत रावसाहेब सबंध हिंगणघाटात चहा पीत हिंडले.

अशा वेळी लेखकाने गाव सोडावं. मी सोडलं नाही. उलट पुढे मी आणखी पुष्कळ खून केले आणि त्यांतली बहुतेक माणसं मेलेलीच राहिली. याचं श्रेय एका माणसाला आहे. त्याचं नाव इथं सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला ओळख पटणार नाही, आणि ज्यांना पटेल त्यांना सांगायची गरज नाही.

मी तेव्हा कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. हा माणूस तिथे वजनकाट्यावर होता. कापसाने भरलेली गाडी काट्यावर चढली की तो वजन पुकारायचा आणि मी ते लिहून घ्यायचो. अंगाने काटकुळा, चाळिशीचा, खांद्यावर दुपट्टा. बोलण्याआधी दुपट्ट्याच्या टोकाने ओठ पुसायची सवय. जणू काही आता जे तोंडातून निघणार ते ताटात वाढायचं आहे. आवाज मात्र असा, की त्याने पुकारलेलं वजन वणा नदीच्या पलीकडच्या काठावरसुद्धा कोणी लिहून घ्यावं. त्याच्या वस्तीत दंडार बसत असे. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य. त्यात राजा तोच, राक्षस तोच, आणि राणी होणारा पोरगा आजारी पडला तर राणीही तोच.

दिवसभर तो बोले आणि मी लिही. दुपारच्या सुट्टीत उलटं होई. मी लिहिलेलं तो बोले.

त्याची सुरुवात अशी झाली. हंगामात गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत लागायची. दुपारी काटा बंद झाला की गाडीवान बैल सोडून कडुलिंबाच्या सावलीत बसत. बुधवारी साप्ताहिक आलं की हा त्यांना भाव वाचून दाखवी. भाव चार ओळींत संपत, पण याच्याकडे आवाज शिल्लक राही. मग तो पान उलटी. पुढच्या पानावर मी होतो.

कथा माझी मुंबईतली होती. मुंबई मी पाहिलेली नव्हती. आगगाडीने मी फार तर बडनेऱ्यापर्यंत गेलो होतो, तेही लग्नाच्या वऱ्हाडात. पण मी वाचलेले सगळे खून धुक्यात झालेले होते, म्हणून मीही धुकं घेतलं. गुप्तहेर प्रतापराव यांना ओव्हरकोट दिला. तोंडात पाइप दिला. "मुंबईवर दाट धुके पसरले होते," हे माझं पहिलं वाक्य. ते लिहून मी स्वतःच थोडा शहारलो होतो.

"दाट म्हंजे किती दाट?" सावलीतून एकाने विचारलं.

याने ओठ पुसले. "आपल्या जिनिंगमधी रुई उडते ना? मशीन सुरू असली का माणसाचा हात माणसाले दिसत नाई. तेवढी धुवारी. फक्त वली."

सगळ्यांनी माना हलवल्या. मुंबई दिसली. मी खिडकीच्या आत बसून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हे मी लिहिलेलं नाही. पुढे ओव्हरकोट आला. "प्रतापरावानं घोंगडं कानावरून घेतलं." मग पाइप आला. "चिलीम पेटवली." माझा उच्चशिक्षित गुप्तहेर दोन वाक्यांत समुद्रपूरच्या बाजारातून परतणारा शेतकरी झाला.

एवढ्यावर थांबता तर मी क्षमा केली असती. पण माझ्या कथेत एक टायपिस्ट मुलगी होती. तिला मी एकच वाक्य दिलं होतं: "ती रुमालाने डोळे टिपत उठून गेली." तिथं हा थांबला. वर लिंबाकडे बघितलं.

"उठून गेली. कुठं गेली असन? लिवलं नाई, पन झालं असनच..."

हे त्याचं ब्रीद. लिवलं नाई, पन झालं असनच. एवढं म्हटलं की तो कागदावरून नजर काढी आणि मग कागदाला विचारणारं कोणी उरत नसे. ती मुलगी बंगल्यामागच्या विहिरीवर गेली. मुंबईच्या बंगल्यामागे विहीर. तिथं रावसाहेबांच्या मोटारीचा ड्रायव्हर पाणी शेंदत होता. दोघांचं जमलं होतं, घरच्यांचा नकार होता. मुलीने गाणं म्हटलं. म्हणजे याने म्हटलं, पुऱ्या तीन कडव्यांचं. जिनिंगचा भोंगा झाला तेव्हा रावसाहेबांचं प्रेत जिथल्या तिथं पडलं होतं आणि त्याची कोणालाही आठवण नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी लिहिलं, "नोकराने दार उघडले." नोकराचा स्वयंपाकी झाला. तो नाचणगावचा निघाला. त्याला सदा भूक. घरातलं कुठलंही भांडं तो घासायला टाकण्याआधी चाटायचा. प्रतापराव जबानी घेताहेत आणि स्वयंपाकी खिरीचं पातेलं चाटत "मले काई मालूम नाई साहेब" म्हणतोय. लोक गडाबडा हसले. नाचणगावचा एक गाडीवान तिथंच बसला होता. तो आधी तापला, मग त्याच्या लक्षात आलं की मुंबईच्या बंगल्यात आपल्या गावचा माणूस लागलाय. त्यानं मिशीवर ताव दिला.

मी शेवटी त्याला गाठलं. "हे बघ, जे लिहिलंय ते वाच. मी लेखक आहे."

"व्हय ना बाबूजी," तो म्हणाला. "पन भरली गाडी काट्यावर येते, तं आपन वजन कसं काढतो? अगुदर भरली तोलतो. मंग कापूस खाली करतो. मंग रिकामी गाडी तोलतो, आन् ते वजन वजा करतो."

"मग?"

"तुमच्या लिवन्यात गाडीच लई वजनी हाये. कापूस मले अंदाजानं धरा लागते."

मी आत जाऊन वहीतल्या वजनांची बेरीज करत बसलो.

एका सोमवारी संपादकांचा निरोप आला, ताबडतोब ये. छापखान्यात पोहोचलो तर गिरडकडचा एक मिशाळ गाडीवान आणि त्याच्यासोबतची चार माणसं संपादकांच्या टेबलाला घेरून उभी. हा मिशाळ गडी आमच्या जिनिंगचा नेहमीचा. त्याने गावात वाचून दाखवायला म्हणून अंक विकत नेला होता. मास्तरांना पारावर बसवून वाचायला लावला. मास्तरांचं वाचन पाच मिनिटांत संपलं.

"गानं नाई, विहीर नाई, ड्रायव्हर नाई!" मिशाळ गडी गरजत होता. "पानं कोनं काढली? गावात माही इज्जत गेली ना! मी सांगून राह्यलो का बाप्पा गोष्ट अशी हाये, तशी हाये, आन् मास्तर म्हनते इथं काईच नाई!"

संपादकांनी त्यांना दुसरा अंक दिला. त्यातही पानं तितकीच. मग माझ्याकडे वळून त्यांनी पहिल्यांदाच मला साहित्यविषयक प्रश्न विचारला. "हा ड्रायव्हर कोण?"

मी सगळं सांगितलं. न्याय मिळेल अशी माझी समजूत होती. संपादक म्हणाले, "बुधवारपासून काट्यामागे बस. तो जे बोलेल ते लिहून घे."

"पण मी लेखक आहे!"

"म्हणूनच लिहून घे म्हणतोय. तो लेखक असता तर त्यालाच सांगितलं असतं."

अशा रीतीने माझं शिक्षण सुरू झालं. कागद मांडीवर घेऊन मी काट्याच्या फळीमागे बसू लागलो. माझा समज होता की खुनाच्या गोष्टीत फक्त खून असावा. बाकी सगळं म्हणजे भेसळ. इथं दिसत होतं वेगळंच. आधी स्वयंपाक्याने हसवलं की मगच लोक अंधाऱ्या जिन्यावर त्याच्यामागे चढत. विहिरीवरचं गाणं ऐकून सैल बसलेला माणूस सुऱ्याचं नाव काढताच दचकून सरळ होई. ज्या मुलीवर लोकांचा जीव जडला होता, तिच्या खोलीचं दार वाजलं तर श्वास थांबे. माझ्या कथेत दारं पुष्कळ वाजत, पण आत कोण आहे याची कोणालाच पर्वा नसे. हे मी टिपून घेई आणि घरी जाऊन आपणच शोध लावल्यासारखा लिही. खप वाढला. लोक मला रस्त्यात ओळखू लागले. मी मान खाली घालून विनयाने हसू लागलो. नेमका त्याच सुमारास चहा झाला.

त्या बुधवारी लिंबाखाली कधी नव्हती एवढी गर्दी. याने नेहमीप्रमाणे ओठ पुसले, वाचायला लागला. प्रतापराव दिवाणखान्यात आले. समोर रावसाहेब बसले होते. रावसाहेबांनी कप उचलला, घोट घेतला, म्हणाले, "साखर कमी आहे..."

"थांब बे," मिशाळ गडी म्हणाला. "हा तं मेला होता ना?"

मी फळीमागे खाली सरकलो. फळीच्या फटीतून मला त्याचा चेहरा दिसला. त्यालाही ते आत्ताच कळलं होतं. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. ती नजर सांगता येत नाही. बैलाने गाडी नाल्यात घातली की गाडीवान बैलाकडे बघतो तशी होती.

मग त्याने अंकाची घडी केली. आवाज एकदम खाली आणला.

"मेलाच होता," तो म्हणाला. "म्हनून तं सांगून राह्यलो. प्रतापराव पाह्यते, रावसाहेब घडीघडी कप तोंडाले लावते... पन कपातला चहा कमीच होत नाई."

मागच्या रांगेत कोणीतरी "अरे बाप्पा" म्हणालं. मी स्वतः, ज्याने ते प्रकरण लिहिलं होतं तो मी, फळीमागे अंगावर काटा येऊन बसलो होतो.

त्या दिवसापासून आमच्या कथेत भूत आलं. चहा पिणारं भूत. जिनिंगच्या दारातल्या हॉटेलात लोक म्हणू लागले की इथला चहा प्यायला तर भूतच पाहिजे. होळीपर्यंत मी त्या भुतावर निभावलं. हंगाम संपता संपता भुताला टायपिस्ट मुलीच्या दाराशी आणून ठेवलं आणि खाली लिहिलं, क्रमशः. गाड्या बंद झाल्या. साप्ताहिकही पावसाळ्यात मनात आलं तर निघे. भूत दाराशीच राहिलं.

ते छप्पन साल. दसऱ्याला तो सगळ्या वस्तीबरोबर नागपूरला गेला, आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला.

दिवाळीनंतर काटा सुरू झाला त्या सकाळी तो पांढरास्वच्छ सदरा घालून आला. दर हंगामात पहिल्या दिवशी काट्याची पूजा होई आणि नारळ फोडायला त्याला पुढे करत. जिनिंगमालक सेठच्या मुनीमजींनी नारळ त्याच्यापुढे धरला. तो हात जोडून म्हणाला, "नारळ तुमी फोडा, मुनीमजी. वजन मी चोख सांगतो." त्याच्या बोलण्यात रागबिग काही नव्हता. पण मुनीमजींचा हात तसाच हवेत राहिला होता, तो मला अजून दिसतो.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्या दिवशी त्याला म्हणालो, "तुम्ही कसे आहात?" इतकी वर्षं मी त्याला "तू" म्हणत होतो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काऊन बाबूजी? तब्येत बरी नाई काय?"

पण मी पुढे "तुम्ही"च म्हणत राहिलो, आणि त्याने ते चालवून घेतलं.

बुधवारी लिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. लोक होळीपासून भुताची वाट बघत होते. मीही पावसाळाभर खपलो होतो. प्रेम घातलं होतं, विनोद घातला होता, भूत उतरवायला पुढच्या अंकासाठी एक मांत्रिक आणून ठेवला होता. हा अंक वाचत गेला. दार करकरलं. मुलीने वळून पाहिलं. आणि तिथं त्याने अंक खाली ठेवला.

"याच्या पुढं मी वाचत नाई."

"काऊन?"

"भूत नसते. नसलेलं मी आता सांगनार नाई."

"अरे, पन तूच तं आनलं!" मिशाळ गडी उठून उभा राहिला.

"मीच आनलं. मीच नेतो. पुढच्या बुधवारी या."

गलका झाला. कोणी म्हणालं, आम्ही काय गाडीभर कापूस घेऊन हे ऐकायला आलो? कोणी म्हणालं, दुसरा वाचणारा पाहा. मुनीमजी ओसरीवर उभे होतेच. "नागपूर से आया तब से इसका भाव बढ़ गया," ते मला ऐकू जाईल असं म्हणाले. "अगले हफ्ते ठीक से पढ़े तो पढ़े, नहीं तो मैं दूसरा आदमी बिठाता हूँ. पढ़नेवाले बहुत हैं."

संध्याकाळी गाड्या गेल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. मी म्हणालो, "एवढं काय बिघडतं? गोष्टच आहे ती."

"तेहतीस कोटी देव सोडले बाबूजी," तो म्हणाला, "आन् एक भूत ठेवू?"

मी हसलो. तो हसला नाही. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत उभा राहिला. "काट्यावर मी बोलतो ते सेठचं. दंडारीत बोलतो ते राजाचं नाईतं राक्षसाचं. दुपारची ही अर्धी घंटा माही हाये. ते गेली तं मंग मी निस्ता वजन सांगनाराच. तुमी भूत काढून द्या."

त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"कसं काढू? तो मेलाय. मीच मारलाय. छापून झालंय!"

"मेला तं मेलेला कोनं पाह्यला?"

"प्रतापरावांनी."

"तोंड पाह्यलं?"

मी आठवायला लागलो. प्रेत पालथं पडलं होतं. पाठीत सुरा. आणि धुकं. मी हौसेने आणलेलं, हिंगणघाटात कोणाच्या उपयोगाचं नसलेलं ते मुंबईचं धुकं पहिल्यांदाच कामाला आलं. "नाही," मी म्हणालो. "तोंड कोणीच पाहिलं नाही."

"मंग तो रावसाहेब नोताच. रावसाहेब जिता हाये. लपून हाये."

"ठीक. पण चहा? तुम्हीच सांगितलंत, कपातला चहा कमी होत नाही. ते मी लिहिलेलं नाही. ते सोडून देऊ."

"सोडता कसं येईन? आयकलं ना लोकाईनं. आपन जे बोललो त्याचा हिसाब द्या लागते."

त्या आठवड्यात मी जेवताना, सायकलवर, गाडी तोलताना एकच विचार करत होतो: जिवंत माणूस कप तोंडाला लावतो आणि चहा कमी होत नाही, तो का? एकदा वजन चुकीचं लिहिलं. त्याने काट्यावरून ओरडून दुरुस्त केलं आणि त्याच दमात विचारलं, "तो पीत नसन का?"

"पीत नसेल तर कप तोंडाला कशाला लावतो?"

"कोनाले तरी दाखवाले. पितो आहो म्हनून."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. काट्यावरचा गाडीवान बिचारा विचारत होता, वजन किती झालं.

पहिल्या घोटाला रावसाहेब म्हणाले होते, साखर कमी आहे. चहा कडू लागला होता. त्यात जहर होतं. ते ओळखून रावसाहेब पिण्याचं नुसतं सोंग करत बसले होते, जहर देणारा जवळपासच होता म्हणून. माझी घोडचूक हाच पुरावा झाला होता! मी टेबलावरून उडी मारायचा बाकी होतो.

"पन दिलं कोनं?" तो म्हणाला.

आणि वाचकहो, इथून पुढची कल्पना माझी आहे. त्याबद्दल वाद नको, कारण आयुष्यात माझी म्हणावी अशी ती एवढीच. त्याचा तो स्वयंपाकी, घरातलं प्रत्येक भांडं चाटणारा. त्या दिवशी त्याने चहाचं भांडं चाटलं नाही.

त्याने ओठ पुसले. "लिवा," एवढंच म्हणाला.

बुधवारी मुनीमजी स्वतः खुर्ची टाकून बसले. गर्दी होतीच, पण हात बांधलेली गर्दी. याने उभं राहून आधीच सांगून टाकलं, "आज भूत नाई. ज्याले भूत पायजे त्यानं आपले बैल जुपा."

मिशाळ गडी उठला. सगळ्यांदेखत आपल्या गाडीकडे गेला. पण बैल जुंपले नाहीत. बैलांच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून, पेंढी सोडत बसला.

तो वाचू लागला. मुलीच्या दाराशी उभं असलेलं भूत आत आलं आणि म्हणालं, "घाबरू नकोस पोरी, मी जिवंत आहे." लोकांत थोडी कुजबुज झाली. नाराजीचीच होती. रावसाहेबांनी कप आणवला. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. टायपिस्ट, ड्रायव्हर, प्रतापराव, स्वयंपाकी. याचा आवाज हळूहळू चढत होता. मी लिहिलेला एकही शब्द तो गाळत नव्हता, एकही घालत नव्हता. मला त्याचीच भीती वाटत होती.

"प्रतापराव स्वैपाकघरात गेले," त्याने वाचलं. "खिरीचं पातेलं चाटून लखलखीत. भाजीची कढई लखलखीत. डाळीचं भांडं लखलखीत." तो थांबला. लोक हसायला लागले होते. हसू पुरतं बाहेर येऊ दिलं आणि मग म्हणाला, "चहाच्या भांड्याले मात्र जीभ लागेल नोती."

हसू जागच्या जागी मेलं.

"त्यानंच!" बैलांच्या पलीकडून मिशाळ गडी ओरडला. हातातली पेंढी तशीच घेऊन तो धावत आला. "त्यानंच जहर टाकलं! त्याले मालूम होतं म्हनून चाटलं नाई! पकडा त्याले!"

मग जे झालं ते मला वर्णन करता येत नाही. सगळे एकदम बोलत होते. जो तो शेजाऱ्याला पुन्हा सुरुवातीपासून समजावून सांगत होता, साखर कमी का लागली, चहा कमी का झाला नाही. मुनीमजी खुर्चीतून उठून एका हमालाला धरून विचारत होते, "फिर वो लाश किसकी थी?" नाचणगावच्या गाडीवानाने मात्र हे मनाला लावून घेतलं आणि पुढची गाडी दुसऱ्या जिनिंगला नेली.

त्या गोंधळात याने अंकाची घडी केली आणि फळीच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी," तो म्हणाला, "आज लिवलं बी हाये, आन् झालं बी हाये."

माझ्या लेखनावर आजवर जे अभिप्राय आले त्यांतला हा पहिला आणि सगळ्यांत मोठा.

तो हंगाम आणि त्याच्या पुढचा हंगाम आम्ही असेच खून केले. मग अठ्ठावनच्या पावसाळ्यात तो नागपूरला गेला. पोरगी शाळेत हुशार निघाली होती, तिला तिकडे शिकवायची होती, म्हणून त्याने तिथल्या एका गिरणीत काम धरलं. जाताना मला म्हणाला, "आता तुमीच वाचत जा. आवाज बरा हाये तुमचा." तो परत आला नाही. नागपूरहून आलेल्या एका हमालाने सांगितलं की तो तिथं दुपारी गिरणीच्या फाटकाशी दिसला होता, भोवती ही गर्दी, हातात वर्तमानपत्र. बोलायला म्हणून हमाल पुढे गेला, पण वाचन संपेचना. "कागद तं लहानसाच होता बाबूजी," हमाल म्हणाला, "बातमी लई मोठी होती."

तो गेल्यानंतरच्या हंगामातल्या पहिल्या बुधवारी लिंबाखाली मी उभा राहिलो. कथा नवी होती, आणि माझ्या मते चांगली होती. प्रेम, हसू, भीती, सगळं मापाने घातलेलं. मी एक स्वल्पविरामसुद्धा न चुकवता शेवटपर्यंत वाचली. लोकांनी शांतपणे ऐकली. वाचून झाल्यावर मिशाळ गडी जागचा उठला.

"बाबूजी, हे गोष्ट तुमीच लिवली?"

"हो."

"पुरी तुमीच?"

"अक्षर न् अक्षर," मी म्हणालो.

त्याने जरा विचार केला.

"मंग तो वापस येईस्तोवर ठेवून द्या ना," तो म्हणाला. "काऊन खराब करून राह्यले?"